नवऱ्याच्या हाताखाली बायको चालत नाही

"आपका कोई रिश्तेदार इधर काम करता क्या?" सुजाता मॅडमनं मला विचारलं.

मी माझ्या हिंदीत म्हणालो, "मॅडम, कोण नाही ते विचारा. लवकर होईल."

मॅडम हसल्या नाहीत. नव्या कंपनीनं हैदराबादहून पाठवलेली शिकलेली पोर. आमच्या शेडमधी टेबल टाकून बसली होती आणि तिच्या कॉम्प्युटरवर रुईचे तंतू येऊन बसत होते. ती फुंकर मारायची, परत विचारायची. "नाम बोलो."

मी बोलत गेलो. प्रेसवरचा दत्ता माझा भाचा. वजनकाट्यावरचा गंगाराममामा. गेटवरचा यादवभाऊ. सरकी भरणाऱ्या दोघी वहिन्या. मागच्या मशीनवरची काशीआत्या. आणि पहिल्या लाइनवर कापूस टाकते ती रुखमा, माझी बायको. माझ्यामागं सगळी मिल रांगेत उभी होती. त्यांनीबी खरं सांगितलं. नोकरीचा प्रश्न होता, खोटं कोण बोलेल?

आमची जिनिंग मिल तेलंगणात, नेरडीगोंड्याच्या पुढं, हायवेला लागून. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायची. सरकी काढल्यावर जे राहतं ती रुई. रुई दाबून गाठ बांधायची. एवढंच काम. मी फिटर होतो. मशीनच्या चामड्याच्या रोलरला खाचा पाडायच्या, पट्टीला धार लावायची, आवाज बिघडला की बंद करून बघायचं. शाळा माझी चौथीत सुटली. मला सगळे मिस्त्री म्हणत.

मिल मदनशेठची होती. ती मोठ्या कंपनीनं विकत घेतली. घेतल्यावर जे सुरू झालं त्याला कंपनीवाले इंटिग्रेशन म्हणत. मला कोणी अर्थ विचारला तर मी सांगायचो, "मोठ्या माशानं लहान मासा गिळला. आता पोटात कुठं ठेवू, ते बघून राह्यला."

शेठच्या काळात अर्ज नव्हता, मुलाखत नव्हती. माणूस पाहिजे असला की शेठ मला सांगायचा, मी गावात सांगायचो. ज्यानं माणूस आणला त्यानं त्याची हमी घ्यायची. नवा माणूस दारू पिऊन आला तर शिव्या आणणाऱ्याला. म्हणून प्रत्येक जण आपल्या घरचाच माणूस आणायचा. नवरा आला की मागून बायको यायची. शेठला जोडी आवडायची. म्हणायचा, "जोडी असली की सकाळी दोघं उठतात."

शेठ चांगला होता का? होता. रुखमाचं पोट दुखलं तेव्हा स्वतःच्या जीपमधी घालून निर्मलला घेऊन गेला, दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. आणि वाईट होता का? तसाबी होता. त्याच्या मेहुण्याच्या लग्नात मी पंगतीला वाढायला गेलो नाही. माझ्या घरी पाहुणे होते. तेवढ्यावरून शेठनं माझ्याशी बोलणं टाकलं. किती दिवस! मी समोर उभा असायचो आणि तो रुखमाला सांगायचा, "त्या मिस्त्रीला सांग, तीन नंबरची मशीन गरम होऊन राह्यली." ती माझ्याकडं वळून तेच सांगायची. मी म्हणायचो, "सांग त्याला, पट्टा सैल केला." ती परत तिकडं वळायची. मधी तिचा कापूस टाकायचा राहायचा, आणि त्यासाठीबी तिलाच बोलणं.

तर मॅडम नावं घेऊन गेल्या. नंतर हैदराबादेत कोणीतरी ती बघितली आणि त्याला धक्काच बसला. श्रीनिवास सार म्हणजे कंपनीनं बसवलेले नवे मॅनेजर. त्यांना फोन आला. ते मला म्हणाले, "मिस्त्री, ऊपरवाले पूछ रहे, हम फॅक्टरी खरीदे कि बारात?"

मॅडम परत आल्या. या वेळी टेबलाशी गंगाराममामाला बसवलं आणि मला बाजूला उभं केलं.

"ये आपका मामा कैसे? माँ का भाई?"

"नाही मॅडम. माझ्या आईच्या माहेरच्या गावचा."

"और काशीआत्या? पिताजी की बहन?"

"ती गोंडाची बाई. उटनूरकडची. आमच्या बापाला राखी बांधायची."

मॅडमनं पेन खाली ठेवला. मग मी त्यांना समजावलं. आमच्याकडं जात कोणतीबी असो, मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. नातं लावतात. लावलं की ते निभवावं लागतं. लग्नात आहेर त्याच नात्यानं जातो, मयताला खांदा त्याच नात्यानं द्यावा लागतो. तुमी विचारलं नातेवाईक कोण, आमी सांगितलं. रक्ताचे कोण, असं तुमी विचारलं नव्हतं.

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "हमारे गाँव में भी ऐसाच है. मैं दूधवाले को बाबाय बोलती." बाबाय म्हणजे तेलुगूत काका. मग म्हणाल्या, "उसको भी लिखना पड़ता क्या?"

दुपारभर बसून त्यांनी मामा, आत्या, वहिन्या सगळे खोडले. राहिल्या फक्त जोड्या. आणि तिथं माझं गाडं अडलं.

कंपनीचा नियम होता. नवरा-बायको एका ठिकाणी काम करू शकतात. पण एकानं दुसऱ्याच्या हाताखाली करायचं नाही. बाकीच्या जोड्यांना त्याचं काही नव्हतं, कारण कोणीच कोणाचा साहेब नव्हता. मला मात्र कंपनीनं नुकतंच लाइन इनचार्ज केलं होतं. आणि माझ्याच लाइनवर रुखमा कापूस टाकत होती.

मी म्हणालो, "मॅडम, मी तिचा साहेब आहे असं तुमाला कोण म्हणालं? घरी येऊन बघा."

"कागज पे तो आप हैं."

त्यांनी मार्ग सांगितले. मी निर्मलच्या पलीकडच्या दुसऱ्या युनिटला बदलीवर जायचं. किंवा रुखमानं उटनूरच्या खरेदी सेंटरवर जायचं. किंवा तिनं काम सोडायचं. मी म्हणालो, मला इनचार्ज नको, नुसता फिटर ठेवा. तर म्हणाल्या, नुसता फिटर आता कंपनीत नाही. रिपेरिंगचं काम ठेकेदाराला दिलं. फिटर राहायचं असेल तर ठेकेदाराचा माणूस व्हावं लागेल. म्हणजे कंपनीच्या रोलवरून नाव गेलं, पीएफ गेला, आणि ठेकेदार बदलला की आपण कोणाचेच नाही.

लोकांना वाटेल, बदली तर बदली, त्यात काय. पण आमची लेक लग्न होऊन नांदेडकडं गेलेली. घरात आमी दोघंच. घर तरी काय, रात्री झोपायला. बाकी आमचा संसार त्या शेडमधीच झाला होता. डबा शेडमधी, भांडण शेडमधी. मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची इतकी सवय की घरीबी ओरडूनच बोलायचो. शेजाऱ्यांना वाटायचं रोज भांडतात. मी निर्मलकडं खोली करून राहिलो असतो तर तिला ओरडायला कोण होतं?

मी घरी जाऊन सरळ सांगितलं, "तू सोडून दे. बस घरी."

ती भाकर थापत होती. हात थांबला नाही. "मी काऊन? तुमी बसा."

"मी इनचार्ज हाओ."

"मंग मी तुमच्याहून आधीपासून मशीनपुढं उभी हाओ. तुमाले मिलमधी कोणी आणलं?"

ते खरं होतं. तिचा बाप शेठच्या बापाकडं हमाल होता. लग्नानंतर मला तिनंच मिलमधी लावलं. माझी हमी तिची होती.

मग मी शोधायला लागलो की हा नियम केला कोणी. मला खरंच बघायचं होतं. शेठच्या वेळी नियम म्हणजे शेठ. तो कडुनिंबाखाली खाटेवर बसलेला दिसायचा. त्याला हात जोडता यायचे, त्याच्याशी भांडता यायचं. इथं नियम होता पण त्याचा माणूस दिसत नव्हता.

श्रीनिवास सारकडं गेलो. "सार, तुमी मॅनेजर. एवढं माफ करून टाका."

"मिस्त्री, मैं भी नौकर, तुम भी नौकर. मेरे हाथ में नहीं."

"मग कोणाच्या?"

"हैदराबाद."

"हैदराबादेत कोणाच्या?"

त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. तिकडचा माणूस भला असावा, बराच वेळ बोलला. फोन ठेवून सार म्हणाले, "उनके हाथ में भी नहीं. पॉलिसी है."

"त्या पॉलिसीला फोन लावा की."

सार डोकं धरून हसले. चांगला माणूस होता तो. सगळेच चांगले होते. एकानंबी मला नाही म्हटलं नाही, आणि हो कोणी म्हणू शकत नव्हतं. शेठकडं निदान एक माणूस तरी वाईट असायचा, त्याच्यावर राग काढता यायचा.

राहवलं नाही म्हणून मी आदिलाबादला मदनशेठच्या घरी गेलो. शेठ सोफ्यावर बसून होता, मिल विकल्यावर त्याला करायला काही नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्याला आनंदच झाला.

"पाहिलं? माझ्याकडं असता तर एका मिनिटात करून टाकलं असतं."

"हो शेठजी. आणि दुसऱ्या मिनिटात उलटं बी केलं असतं."

"तोंड तुझं तसंच राह्यलं रे मिस्त्री." मग पुढं सरकून हळू म्हणाला, "मी सरकीच्या तेलाची मिल टाकून राह्यलो. लहानशी. तू ये, रुखमाले बी आण. कोणी विचारणार नाही कोण कोणाच्या हाताखाली."

मी येताना बसमधी खूश होतो. वाटलं, सुटलं. घरी येऊन रुखमाला सांगितलं. मला वाटलं ती उद्याच चला म्हणेल.

ती म्हणाली, "मी नाही जात."

"काऊन?"

"शेठ रुसला की तुमच्याशी बोलणं टाकते. मंग निरोप कोणाच्या हाती? माह्या. इतकी वर्षं तुमचे दोघांचे निरोप नेले. मले नाही आता पोस्टमन व्हायचं."

"पण मग निर्मलले जाऊ का मी?"

"अवो, जरा थांबा. तुमी सगळ्याइले विचारून आले. मॅडमले मी विचारलं का अजून?"

दुसऱ्या दिवशी मॅडम टेबल आवरायला लागल्या होत्या. हैदराबादची गाडी यायची होती. रुखमा कामावरून तशीच गेली, डोक्याला फडकं, भुवयांवर रुई. मी मशीनमागून बघत होतो. मला वाटलं, ही आता रडेल नाहीतर पाया पडेल. तिला हिंदी मोडकीच यायची. तिनं मराठीतच विचारलं, दत्ता मधी उभा राहून हिंदीत सांगत होता.

"मॅडम, नवऱ्याचा हुकूम बायकोले चालत नाही, असं कंपनी म्हणते ना?"

"हाँ."

"मले बी चालत नाही. मंग दुसऱ्या कोणाचा हुकूम द्या. याच शेडमधी. असा कोणी साहेब नाही का, जो मिस्त्रीचा बी साहेब नाही आन् मिस्त्रीच्या हाताखाली बी नाही?"

मॅडमनं कॉम्प्युटर परत उघडला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्याला हातानं थांब म्हटलं.

कंपनीनं क्वालिटी म्हणून एक नवं डिपार्टमेंट काढलं होतं. शेठच्या काळात हे नव्हतं. कापसात काय काय येतं ते सांगतो. सुतळी येते, पोत्याचा प्लास्टिकचा धागा येतो, बायांचे केस येतात, कोंबडीचं पीस येतं. आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस. हे रुईत गेलं की पुढं सूत तुटतं, कपड्यावर डाग दिसतो. मोठ्या कंपनीचं गिऱ्हाईक मोठं, ते गाठ परत पाठवतं. म्हणून प्रत्येक लाइनवर नजर ठेवायला एक माणूस हवा होता. जागा रिकामीच होती, कारण शिकलेली पोरं धुळीत उभी राहायला तयार नव्हती. आणि या डिपार्टमेंटचा साहेब हैदराबादेत बसायचा. त्याचा आमच्या मॅनेजरशीबी संबंध नव्हता, मग माझ्याशी कुठला?

"सही आती है?" मॅडमनं विचारलं.

"नावापुरती."

"बस है."

नियम मोडला नाही. वाकवला नाही. कोणी कोणावर उपकार केला नाही. मला याचं नवल अजून वाटतं. शेठच्या लहान मिलमधी माणूस एक, हुकूम एक, मग वाट कुठून निघणार? इथं खाती इतकी होती की त्यांच्या मधल्या फटीतून एक बाई आरामात निघून गेली, आणि तिकडच्या बाजूला तिच्यासाठी खुर्ची ठेवलेली. अर्थात खुर्चीवर ती कधी बसली नाही.

मी खूश झालो. त्या खुशीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ती पहिल्याच आठवड्यात आली.

सीझन जोरात होता. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग हायवेपर्यंत. माझी लाइन मस्त चालली होती. अचानक बंद पडली. मला वाटलं लाइट गेली. बघतो तर बाकीच्या लाइनी चालू. लाल बटणाजवळ रुखमा उभी.

मी ओरडलो, "काय झालं?"

तिनं हात वर केला. बोटात निळा धागा.

"एका धाग्यासाठी लाइन बंद करते का? गाड्या पाहिल्या बाहेर?"

"एक नाही. पोतं फाटलं कुठंतरी. मागचा ढीग पाह्यल्याशिवाय चालू करायची नाही."

मी बटणाकडं हात नेला. शेठच्या मिलमधी बाईनं मशीन बंद केली असती तर शेठनं मिलच डोक्यावर घेतली असती. मी इतकी वर्षं तेच शिकलेलो.

"हात लावू नका," ती म्हणाली. "क्वालिटीनं बंद केली की क्वालिटीच चालू करते. तुमालेच शिकवलं ना सारनं?"

शिकवलं होतं. मीच मान डोलावली होती, तेव्हा क्वालिटी म्हणजे कोण हे माहीत नव्हतं.

काशीआत्या मशीनपुढच्या उभं राहायच्या फळीवरून म्हणाली, "मिस्त्री, घरी जाऊन भांड. इथं साहेबीण हाय थे."

सगळ्या बाया हसायला लागल्या. बाकीच्या लाइनी चालू असूनबी ते हसू पार गेटपर्यंत गेलं. श्रीनिवास सार धावत आले. मी म्हणालो, "सार, हिला सांगा." सारनी तिच्या बोटातला धागा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, मेरे हाथ में नहीं." मग जरा थांबून तेबी हसले.

बाया ढिगात शिरल्या, तिनं सांगितलं तसा ढीग उपसला. फाटलेलं प्लास्टिकचं पोतं निघालं, कापसात पार मिसळलेलं. मी तोवर हात मागं बांधून उभा होतो. लाइन इनचार्ज. तिनं नावापुरती सही केली, बटण दाबलं, आणि मशीन चालू झाली.

त्या दिवशी घरी मी बोललो नाही. जेवलो, उठलो. तिनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "आता तुमचा निरोप शेजारणीच्या हाती पाठवू का?"

मग काय करणार, बोललो.

पुढं आमी दोघंबी त्याच शेडमधून रिटायर झालो. तिनं माझी लाइन किती वेळा बंद केली याचा हिशोब मी ठेवला नाही. भांडलो पुष्कळ, पण एकमेकांचं बोलणं कोणा तिसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं नाही. मदनशेठची तेलाची मिल चांगली चालली, मग त्याचा मुलगा शहरात गेला आणि ती बंद झाली. तिथं गेलेल्या माणसांना शेठनं घरी बोलावून वाईट वाटतं म्हटलं, जेवू घातलं. दुसऱ्या दिवसापासून काम नव्हतं.

गेल्या वर्षी रुखमा गेली. कावीळ झाली, राहिली नाही. शेठ काठी टेकत आला. ओसरीवर खाली बसला, चहा नको म्हणाला, बराच वेळ बसून राहिला. कंपनीतून कोणी आलं नाही. तिथं तिला ओळखणारं आता कोणी उरलं नाही, श्रीनिवास सारची बदली कधीच झाली. पण तिच्या पीएफच्या पेन्शनीतला नवऱ्याचा हिस्सा मला एका अर्जावर लागला. मला कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. दोन्हीतलं कोणतं मोठं, मला ठरवता येत नाही. शेठ बसला तेव्हा बरं वाटलं. पेन्शन आली तेव्हा पोट भरलं.

दत्ताचा पोरगा आता नोकरी शोधून राह्यला. परवा विचारत होता, "आबा, लहान कंपनी बरी की मोठी?" त्याला सांगितलं ते इथंबी लिहितो. लहान ठिकाणी मालकाचं तोंड पाहून चालावं लागतं, मोठ्या ठिकाणी नियम पाहून. तोंड रुसतं. नियम रुसत नाही, पण तुमी मेले तरी त्याला कळत नाही. कुठंबी जा, विचारायची लाज धरू नको, आणि काय विचारायचं ते आधी नीट ठरव. मला ते कधी जमलं नाही. मी सगळ्यांना चुकीचंच विचारत फिरलो. आमच्या घरात ते काम रुखमाकडं होतं. ती जागा आता रिकामी आहे, आणि भरती बंद आहे.